न झालेल्या प्रवासांची मोजदाद

माझ्या आईने बत्तीस वर्षं डोंबिवली ते फोर्ट असा रोजचा प्रवास केला. घरापासून स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा, मग फास्ट लोकल, व्हीटीला उतरून बस, आणि बसला फार गर्दी असली तर सरळ पायी. एका बाजूचं अंतर जवळपास पन्नास किलोमीटर. आठ बाराची चुकली तर पुढची कोणती, कोणत्या डब्यात चढलं की उतरताना पूल समोर येतो, हे सगळं तिला पाठ होतं. निवृत्त झाल्यावर ती पहिल्यांदा माझ्याकडे ऑस्ट्रेलियात, पर्थला आली. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "मी जरा भाजी बघून येते." पाऊण तासाने परत आली ती रिकामी पिशवी घेऊन, उन्हाने लाल होऊन.

आमच्या उपनगरातला बसथांबा म्हणजे रस्त्याच्या कडेचा एक खांब. बाक नाही, सावली नाही. रविवार होता आणि खांबावरच्या वेळापत्रकाप्रमाणे पुढची बस पन्नास मिनिटांनी होती. दुकान अडीच किलोमीटरवर. चालत निघावं तर फुटपाथ मध्येच संपतो आणि पुढे सहा पदरी रस्ता आडवा येतो. "अगं, इथे माणसं जातात तरी कशी?" तिने विचारलं. गाडीने जातात. आणि ज्याला गाडी चालवता येत नाही तो घरी बसतो.

वाहतुकीच्या आकडेवारीवर काम करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. त्या दिवशी आईच्या हातात कुणी प्रवास-सर्वेक्षणाचा फॉर्म दिला असता, तर तिने त्यात काय लिहिलं असतं? प्रवास शून्य. संगणकाने तो शून्य घेतला असता, आणि अहवालात निष्कर्ष आला असता की या भागातल्या ज्येष्ठ महिलांना बसची विशेष गरज दिसत नाही. गाड्यांच्या शहरात टिकाऊ, बहुविध वाहतुकीचं संशोधन करताना सगळ्यात अवघड काय असेल तर हेच: झालेले प्रवास मोजता येतात, न झालेल्यांची कुठे नोंदच नसते.

आधी शब्दांचा अर्थ पाहू. गाडीवर अवलंबून असलेलं शहर म्हणजे लोकांना गाड्यांची हौस आहे असं शहर नव्हे. जिथे गाडीशिवाय शाळा, दवाखाना, बाजार, नोकरी यांपैकी काहीच धड जमत नाही, ते शहर. बहुविध वाहतूक म्हणजे एकाच प्रवासात दोन-तीन साधनं: पायी, सायकल, बस, रेल्वे. मुंबईकराला हे वेगळं शिकवावं लागत नाही; माझी आई त्यात पारंगत होती. आणि टिकाऊ म्हणजे फक्त कमी धूर नव्हे. पैसा, जागा आणि इंधन या तिन्ही बाबतींत जी व्यवस्था पुढच्या पिढीवर बोजा टाकत नाही, ती टिकाऊ. चार प्रवासी घेऊन फिरणारी डिझेलची मोठी बस त्या चौघांच्या हिशेबाने फार स्वच्छ नसते. विजेवरची गाडी धूर कमी करते, पण रस्त्यावर आणि पार्किंगमध्ये पेट्रोलच्या गाडीइतकीच जागा अडवते. म्हणून नुसतं साधन बदलून भागत नाही, एका साधनात माणसं किती हेही पाहावं लागतं.

या अभ्यासासाठी पर्थ हे शहर मला फार मोलाचं वाटतं, आणि ते मी इथे राहते म्हणून नाही. गाडीवरच्या अवलंबित्वाचा शास्त्रीय अभ्यास जगभर गाजला तो इथल्याच दोन संशोधकांमुळे, पीटर न्यूमन आणि जेफ केनवर्दी यांच्यामुळे. त्याची पार्श्वभूमी अशी: १९५५ साली स्टीफन्सन आणि हेपबर्न या नगररचनाकारांनी या महानगराचा आराखडा तयार केला. शहर पसरत जाणार हे धरून त्यात रुंद महामार्गांसाठी जमिनीचे लांबलचक पट्टे राखून ठेवले होते. १९५८ मध्ये ट्राम बंद झाल्या. पुढच्याच वर्षी स्वान नदीवर नॅरोज पूल उघडला आणि गाड्या थेट शहराच्या गाभ्यात शिरल्या. वीस वर्षांनी, १९७९ मध्ये, सरकारने फ्रीमँटल या बंदराकडे जाणारी उपनगरी रेल्वे प्रवासी वाहतुकीसाठी बंद केली. कारण काय, तर प्रवासी घटताहेत. बस पुरेशी आहे.

लोकांनी सुमारे लाखभर सह्यांचं निवेदन दिलं. त्या चळवळीत पुढे होते पीटर न्यूमन, मर्डॉक विद्यापीठातले प्राध्यापक. १९८३ मध्ये सरकार बदललं आणि रेल्वे पुन्हा सुरू झाली. प्रवासी घटल्याचा आकडा खोटा नव्हता, पण तो आकडा कशातून आला होता ते कुणी पाहिलं नव्हतं. शहराचे सगळे पैसे आणि सगळी जमीन रस्त्यांकडे वळवायची, आणि मग रेल्वे रिकामी दिसते म्हणून तिला दोष द्यायचा, हा न्याय नव्हे. विहिरीकडे जाणारी पायवाट बुजवून टाकायची आणि गावाला तहान नाही म्हणायचं, तसं झालं हे.

पुढे न्यूमन आणि त्यांचे सहकारी जेफ केनवर्दी यांनी जगातल्या ३२ शहरांची आकडेवारी गोळा केली आणि १९८९ मध्ये ती मांडली. माणशी पेट्रोलचा खप एका बाजूला, लोकवस्तीची दाटी दुसऱ्या बाजूला. ह्यूस्टनसारखी विरळ अमेरिकन शहरं वरच्या टोकाला, हाँगकाँगसारखी दाट शहरं तळाला, युरोप मधोमध. हा आलेख नगररचनेच्या वर्गात आजही फळ्यावर काढला जातो. त्यावर टीकाही भरपूर झाली. पेट्रोलची किंमत, लोकांचं उत्पन्न, शहराची हद्द कुठे धरली, या सगळ्याचा परिणाम एकट्या दाटीच्या खात्यावर जमा केला, असा आक्षेप आला. मेलबर्नचे वाहतूक-संशोधक पॉल मीस यांचा मुद्दा मला जास्त पटतो. टोरँटो आणि मेलबर्नची तुलना करून ते म्हणत, दाटी वाढायची वाट कशाला पाहायची? टोरँटोच्या उपनगरांतही बस भरतात, कारण तिथे बस सारख्या येतात आणि भुयारी रेल्वेच्या स्टेशनातच नेऊन सोडतात. इमारती उंच व्हायला पन्नास वर्षं लागतात. बसचं वेळापत्रक पुढच्या वर्षी बदलता येतं.

आता संशोधक प्रत्यक्षात मोजतात काय ते पाहू. पहिली पायरी घरोघरचं सर्वेक्षण. निवडलेल्या घरातल्या प्रत्येकाने ठरलेल्या दिवशीचा सगळा प्रवास वहीत लिहायचा: किती वाजता निघालो, कुठे गेलो, कशाने, कशासाठी. पर्थमध्येही असं मोठं सर्वेक्षण झालं आहे. ऐकायला सोपं वाटतं, पण यातली मोठी खोट म्हणजे माणसं चालणं लिहीत नाहीत. "बसने ऑफिसला गेले" एवढंच येतं. थांब्यापर्यंतची आठ मिनिटं आणि शेवटची पाच मिनिटं गळतात. म्हणून चांगल्या सर्वेक्षणात प्रवासाचे टप्पे पाडून विचारतात. हे टप्पे हाती आले नाहीत तर बहुविध वाहतुकीचा अभ्यास होऊच शकत नाही. कारण प्रवास बहुतेक वेळा मोडतो तो दोन टप्प्यांच्या सांध्यावर.

हा सांधा किती महाग पडतो ते एका हिशेबाने दाखवते. समजा तुम्ही घरातून थांब्यापर्यंत ६ मिनिटं चाललात, दर वीस मिनिटांनी येणाऱ्या बसची सरासरी १० मिनिटं वाट पाहिली, १२ मिनिटं बसमध्ये बसलात, स्टेशनात २ मिनिटं चालून ५ मिनिटं गाडीची वाट पाहिली, १८ मिनिटं रेल्वेत गेली आणि शेवटी ७ मिनिटं चाललात. बेरीज बरोबर एक तास. पण माणसाचं मन घड्याळासारखं मोजत नाही. चालण्याचा आणि विशेषतः थांबण्याचा वेळ गाडीत बसलेल्या वेळापेक्षा जास्त जड वाटतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे, आणि नियोजनात तो साधारण दुप्पट धरण्याची पद्धत आहे. वरच्या प्रवासात वाहनात बसलेली मिनिटं ३०, बाहेरची ३०. म्हणजे तो एक तास मनाला ९० मिनिटांसारखा वाटतो. स्वतःची गाडी चाळीस मिनिटांत नेत असेल तर कोण बसथांब्यावर उभं राहील?

आता बस दर दहा मिनिटांनी करा, म्हणजे सरासरी थांबणं १० वरून ५ वर येईल. बस आणि रेल्वेच्या वेळा जुळवा, म्हणजे स्टेशनातलं थांबणं ५ वरून २ वर येईल. घड्याळात वाचली फक्त ८ मिनिटं, पण मनात १६. एवढाच फायदा रेल्वे वेगाने पळवून मिळवायचा म्हटलं तर तिची १८ मिनिटं २ वर आणावी लागतील. हा हिशेब मी प्रत्येक सभेत मांडते. वेगवान रेल्वेसाठी पैसा सहज निघतो, वेळापत्रकं जुळवायला मात्र माणूस मिळत नाही.

पर्थने ही जुळणी एका ठिकाणी खरोखर करून दाखवली. १९९२ च्या अखेरीस उत्तरेकडे जूनडलपची रेल्वे सुरू झाली. २३ डिसेंबर २००७ ला दक्षिणेकडे मँडुराची, साधारण सत्तर किलोमीटर लांबीची. दोन्ही मार्गांचा बराचसा भाग महामार्गाच्या मधोमध, जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांच्या मधल्या पट्ट्यातून जातो. मर्डॉक स्टेशनवर उभं राहिलं की हे डोळ्यांनी दिसतं. वर पुलाच्या पातळीवर बस येऊन लागतात. उतरलेली माणसं छताखालून दहा-वीस पावलं चालतात, सरकत्या जिन्याने खाली फलाटावर येतात. दोन्ही बाजूंनी मोटारींचा लोट, मधून गाडी येते आणि जाते, आणि मोकळ्या पट्ट्यावर ती बाजूच्या मोटारींना सहज मागे टाकते. तिकीट एकच: स्मार्टरायडर कार्ड बसमध्ये टेकवलं की ठरावीक वेळेत रेल्वे बदलायला वेगळे पैसे पडत नाहीत. उपनगरात पसरलेल्या बसचे मार्ग शहराच्या मध्याकडे न धावता स्टेशनाकडे वळवले गेले. विरळ शहरातही सांधा नीट बसवला तर माणसं गाडी घरी ठेवतात, याचा हा पुरावा आहे.

याच स्टेशनांत या योजनेची कमजोर बाजूही दिसते. स्टेशनाभोवती ८०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढून त्यातली माणसं "चालत येऊ शकणारी" म्हणून मोजायची, अशी एक पद्धत आहे. महामार्गाच्या मधल्या स्टेशनाभोवती हे वर्तुळ काढलं तर त्याचा मोठा तुकडा डांबरातच जातो. उरलेल्या घरांपासून नकाशावर सरळ रेषेत अंतर ६०० मीटर दिसतं, पण पूल कुठे आहे त्यावर प्रत्यक्षातली पायपीट दीड किलोमीटर होते. म्हणून आता वर्तुळाऐवजी खऱ्या पायवाटांचं जाळं मोजतात. दुसरी अडचण स्टेशनाबाहेरच्या पार्किंगची. वळायच्या जागेसह एका गाडीला २५ ते ३० चौरस मीटर लागतात. हजार गाड्यांना सहा-सात एकर. एवढ्या जमिनीवर येतात साधारण हजार माणसं, तीही गाडी असलेलीच. त्याच जमिनीवर घरं आणि दुकानं असती तर किती माणसं चालत आली असती, हा प्रश्न प्रत्येक नव्या स्टेशनाच्या वेळी विचारायला हवा.

आता अंदाजांची गोष्ट. नवी रेल्वे बांधली तर किती लोक बसतील, हे आधी कसं कळणार? अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास १९७२ मध्ये बार्ट नावाची रेल्वे सुरू व्हायच्या आधी अर्थशास्त्रज्ञ डॅनियल मॅकफॅडन यांनी शेकडो नोकरदारांना त्यांच्या रोजच्या प्रवासाबद्दल विचारलं. कुणाला किती वेळ लागतो, किती खर्च येतो, किती चालावं लागतं, आणि त्यातून ते काय निवडतात. त्या निवडींवरून त्यांनी माणूस पर्याय कसा तोलतो याचं गणित बसवलं. अधिकृत अंदाज होता की १५ टक्के नोकरदार बार्टने जातील. मॅकफॅडन यांच्या गणितातून आकडा आला ६.३ टक्के. प्रत्यक्षात निघाले ६.२ टक्के. या प्रकारच्या कामासाठी त्यांना २००० साली नोबेल मिळालं. फ्रीमँटलला सरकारने लोकांची गरज कमी लेखली होती, इथे सरकारने उत्साह जास्त धरला होता. मला दोन्ही उदाहरणं शेजारी शेजारी ठेवावीशी वाटतात, कारण सार्वजनिक वाहतुकीवर प्रेम असणाऱ्यांनी आकडे फुगवले तर पुढच्या वेळी त्यांचं कुणी ऐकत नाही.

आणखी एक गाठ सोडवल्याशिवाय कुठलाही निष्कर्ष विश्वासाचा होत नाही. दुकानं जवळ असलेल्या वस्तीत लोक जास्त चालतात, हे दिसतं. पण वस्तीमुळे चालतात, की चालायला आवडणारी माणसंच अशी वस्ती शोधून राहायला जातात? पर्थमध्येच यावर फार सुंदर काम झालं. २००३ पासून बिली जाइल्स-कॉर्टी यांच्या चमूने नव्या वसाहतींत घर बांधणाऱ्या अठराशेवर लोकांना घर बदलण्याआधी गाठलं, नव्या घरात गेल्यावर पुन्हा गाठलं, आणि त्यांच्या आवडीनिवडीही विचारात घेतल्या. माणूस तोच, फक्त परिसर बदललेला. दुकानासारखं चालत जाण्याजोगं एकेक ठिकाण जवळ आलं की कामासाठीचं चालणं आठवड्याला पाच-सहा मिनिटांनी वाढलं. आकडा लहान आहे, पण दहा ठिकाणं वाढली की आठवड्याला जवळपास तास होतो, आणि तो सगळ्या वस्तीचा होतो. असा अभ्यास वर्षानुवर्षं चालवावा लागतो. पैसे देणाऱ्यांना तेवढा धीर हवा.

पर्थच्याच कर्टिन विद्यापीठातल्या केरी कर्टिस आणि यान शॉयरर यांनी सार्वजनिक वाहतुकीचे नकाशे काढण्याची एक पद्धत बसवली. तिचा एक नियम मला फार आवडतो: एका किमान पातळीपेक्षा विरळ धावणारी सेवा नकाशावर काढायचीच नाही. दिवसा साधारण दर वीस मिनिटांनी एक बस नसेल, तर त्या मार्गाची रेघच नाही. सरकारी नकाशावर सगळीकडे रेघा दिसतात आणि शहर बसने व्यापलेलं वाटतं. हा नियम लावला की आमच्यासारखी उपनगरं कोरी होतात. आईच्या खांबाजवळून जाणारी रेघ या नकाशावर नसेल, आणि तेच खरं आहे.

हे सगळं पुण्याला जसंच्या तसं लागू होईल का? नाही. पुणं चारचाकीपेक्षा दुचाकीवर चालतं, आणि दुचाकीची गोष्ट वेगळी आहे. ती दारातून निघते, गल्लीत शिरते, दुकानासमोर उभी राहते. तिला सांधाच नाही. परदेशातल्या गणितात गाडीच्या बाजूला पार्किंगचा खर्च आणि पार्किंगपासूनचं चालणं धरलेलं असतं. दुचाकीला हे दोन्ही जवळपास शून्य. म्हणून पुण्यात २००६ च्या अखेरीस कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी राखलेली मार्गिका, आली, मार्च २०२२ मध्ये वनाज ते गरवारे महाविद्यालय आणि पिंपरी ते फुगेवाडी अशी मेट्रो सुरू झाली, तरी खरी स्पर्धा घराच्या दारात उभ्या असलेल्या स्कूटरशी आहे. तिथे मोजायचं ते हे: मेट्रोच्या जिन्यापासून घरापर्यंत रात्री नऊ वाजता चालत जाता येतं का, फुटपाथवर स्टॉल आणि गाड्या किती, शेअर रिक्षा कुठे मिळते. शेअर रिक्षाचं वेळापत्रक कुठल्याच संगणकात नसतं. ते माणसाने कोपऱ्यावर उभं राहून, घड्याळ आणि वही घेऊनच लिहावं लागतं. आणि बायकांचे प्रवास वेगळे मोजायला हवेत. ऑफिसहून येताना पाळणाघर, भाजी, औषधाचं दुकान असे तीन थांबे एका प्रवासात असतात. प्रत्येक थांब्याला नवं तिकीट आणि नवी वाट पाहणं आलं की ती नाइलाजाने स्कूटरच घेते.

मग न झालेले प्रवास सापडतात कसे? एक मार्ग म्हणजे सेवा बदलते तेव्हा आधी आणि नंतर त्याच माणसांना विचारणं. नव्याने सुरू झालेले प्रवास तिथे उघडे पडतात. दुसरा मार्ग सरळ विचारण्याचा. नेहमीच्या वहीत शेवटी एक प्रश्न वाढवायचा: या आठवड्यात कुठे जायचं होतं आणि जाता आलं नाही? याची उत्तरं ढोबळ असतात, त्यांची बेरीज अवघड असते, म्हणून बरेच जण हा प्रश्न गाळतात. माझ्या मते तो पहिल्या पानावर हवा.

आई परत जायच्या आदल्या आठवड्यात मी तिला तो कागद दिला. तिने चष्मा लावून बँकेतल्या तिच्या जुन्या अक्षरात एकाखाली एक सात ओळी लिहिल्या. भाजीचं दुकान. वाचनालय. मंदिर. समुद्र. तिच्यासारख्याच मुलीकडे आलेल्या सोलापूरच्या एक बाई, ज्या तिला उद्यानात भेटल्या होत्या. डोळ्यांचा दवाखाना. सातव्या ओळीत होतं, "नुसतंच फिरून यायचं होतं." मी नकाशा उघडून अंतरं मोजली. पहिल्या सहांपैकी चार ठिकाणं आमच्या घरापासून तीन किलोमीटरच्या आत होती.